गळा आपला, गाणे कुणाचे?

दलित साहित्याचा इतिहास सांगताना आपण छापलेल्या शब्दापासून आरंभ करतो. १९५८ साली मुंबईत भरलेले पहिले दलित साहित्य संमेलन, पुढे निघालेली नियतकालिके, १९७२ चा 'गोलपिठा', त्यानंतरची आत्मकथने असा हा क्रम आता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमातही रुळला आहे. वर्गात मीही हाच क्रम शिकवतो आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु या क्रमात एक गृहीत दडलेले आहे, आणि ते आपण प्रस्थापित समीक्षेकडून जसेच्या तसे उचलले आहे. साहित्य म्हणजे वाचण्याची वस्तू, हे ते गृहीत. ज्या वस्त्यांत आलेले पत्र वाचून घेण्यासाठी शाळेत जाणारे पोर शोधावे लागे, त्या वस्त्यांची जाणीव वाचनातून घडली असे म्हणणे म्हणजे त्या वस्त्यांना जाणीवच नव्हती असे म्हणण्यासारखे आहे. ती घडत होती. कानांवाटे घडत होती.

आंबेडकरी जलशांविषयी निदान भीमराव कर्डकांनी लिहून ठेवले. वामनदादा कर्डकांवर आता प्रबंध होऊ लागले आहेत. विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच गेले, तेव्हा वर्तमानपत्रांना त्यांची दखल घ्यावीच लागली. पण ज्याचा आवाज महाराष्ट्रात सर्वांत अधिक घुमला, जो आजही दर आषाढीला आणि दर गणेशोत्सवात गल्लोगल्ली घुमतो, त्या प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांच्याविषयी आपली समीक्षा गप्प आहे. मराठी सुगम संगीतावर लिहिणाऱ्यांचे गप्प राहणे समजण्यासारखे आहे. त्यांचा विषय दिवाणखान्यात सुरू होतो आणि फार तर गच्चीपर्यंत जातो. आपले मौन मात्र निराळ्या कारणाचे आहे. आपण या गायकाने अवघडून गेलो आहोत. तो आपला आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याची सर्वाधिक गाजलेली गाणी ज्या देवांना आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नाकारले त्या देवांची आहेत, हेही आपल्याला ठाऊक आहे. मग एकतर आपण त्याच्या भीमगीतांविषयीच बोलतो किंवा बोलतच नाही.

हे अवघडलेपण बाजूला ठेवून त्या आवाजाकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहता येईल काय, असा या लेखाचा प्रश्न आहे.

माझे बालपण सोलापूर जिल्ह्यात कुर्डुवाडीच्या रुळांलगतच्या एका वस्तीत गेले. वडील रेल्वेत गँगमन होते. तेथून पंढरपूरला छोट्या रुळांची गाडी जाई, आणि आषाढी-कार्तिकीला ती माणसांनी लगडलेली असे. दिंड्या आमच्या वस्तीच्या बाजूने जात, वस्तीतून नव्हे. आमच्या घरातले देव धर्मांतरानंतर गेले होते. ते कसे गेले, वडिलांनी ते फडक्यात बांधून नदीत कसे सोडले, हे आजी पुष्कळदा सांगे. सांगताना तिच्या आवाजात अभिमान असे, आणि थोडे कुठेतरी हललेलेही असे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. वडील या बाबतीत कडक होते. शेजारच्या घरी कुणी नारळ फोडला तरी ते त्या घरी आठ दिवस चहा घेत नसत.

वस्तीत एक ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळी मुंबई केंद्रावरची 'कामगार सभा' लागे. तिच्यात लोकगीते लागत, आणि त्यांत प्रल्हाद शिंदे यांचे एखादे विठ्ठलाचे गाणे लागले की ट्रान्झिस्टरभोवती पेच पडे. वडील म्हणत, बंद करा. ज्याचा ट्रान्झिस्टर तो बिचारा कानकोंडा होऊन खुंटीला हात घाली. आजी म्हणे, "आरं, देव र्‍हाऊ दे तिकडं. आपलं पोर गातंय त्ये तरी आयकू दे." वडील काही बोलत नसत. ट्रान्झिस्टर चालू राही. गाणे संपेपर्यंत ते तेथून हलतही नसत, एवढे मी पाहिलेले आहे.

आजीचे हे वाक्य मी पुढे वाचलेल्या कित्येक समीक्षालेखांपेक्षा अधिक नेमके मानतो. तिने गाण्याचे दोन भाग केले होते. शब्द 'तिकडचे', आवाज 'आपला'. हे दोन भाग वेगळे करता येतात आणि दोहोंविषयी वेगळा निवाडा देता येतो, हे तिला कुणी शिकवले नव्हते.

प्रथम आवाजाविषयी. मराठी भावगीत मायक्रोफोनने घडवले. गजानन वाटव्यांपासून अरुण दात्यांपर्यंतची ती गायकी हलक्या, जवळच्या स्वराची आहे. गाणारा जणू एकाच माणसाशी बोलतो आहे. त्या आवाजाला घर लागते, दार लावलेले असावे लागते. हा दोष नाही, तो त्या वर्गाच्या जगण्याचा आकार आहे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज उघड्यावरचा आहे. पट्टी चढी, स्वर खडा, उच्चार असा की शब्दातले एकही व्यंजन सांडत नाही. मैदानाच्या शेवटच्या टोकाला, झाडावर चढून बसलेल्या पोरालाही शब्द कळला पाहिजे, अशा बेताने तो आवाज लावलेला आहे. ही गायकी कव्वालीच्या पार्ट्यांत तयार झाली. ओळ एकदा साधी म्हणायची, मग ती फिरवून घ्यायची, कोरसकडे टाकायची, कोरसने ती टाळीवर परत दिली की तिच्यावर चढून पुढची ओळ पकडायची. त्यांच्या भक्तिगीतांतही हा कव्वालीचा कणा लपत नाही. कानाला वारकरी भजनाची सवय असलेला माणूस ते ऐकताना म्हणतो, हे भजनासारखे आहे, पण भजन नव्हे. भजनात गाणारा समुदायात विरून जातो. येथे एक माणूस समुदायापुढे उभा राहून बोलतो.

कव्वाली आपल्याकडे कशी आली आणि आपण ती का घेतली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मुंबईतल्या चाळींत, गिरण्यांच्या आसपास आणि मराठवाड्या-विदर्भातल्या गावांत आपली आणि मुसलमानांची वस्ती पुष्कळदा शेजारी-शेजारी होती. दोन्ही वस्त्या गावाच्या मानाने कडेच्याच. बेंजो, हार्मोनियम, ढोलकी आणि टाळी एवढ्या सामानावर रात्र काढता येते. शिवाय कव्वालीच्या मुकाबल्यात सवाल-जवाब असतो. ज्या समाजाने नुकताच हजारो वर्षांचा एक सवाल टाकला होता, त्याला हा आकार मानवला नसता तरच नवल. आमच्याकडे भीमजयंतीला मुकाबला उभा राही. रात्री दहाला सुरू झालेला कार्यक्रम तांबडे फुटेपर्यंत चाले. एका पार्टीने चवदार तळ्याचा सवाल टाकायचा, दुसरीने काळारामाने उत्तर द्यायचे, पहिलीने पुणे कराराला हात घालायचा. महाड १९२७, नाशिक १९३०, येवला १९३५ ही साले मला इतिहासाच्या पुस्तकाने शिकवलेली नाहीत. पोत्यावर आडवे होऊन अर्धवट झोपेत ऐकलेल्या मुकाबल्याने शिकवली. श्रावण यशवंते, नागोराव पाटणकर ही नावे आमच्याकडे साहित्यिकांच्या नावांसारखी घेतली जात.

मुकाबल्याविषयी आणखी एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुरुष पार्टीसमोर बाईची पार्टी असली की मध्यरात्रीनंतर सवालांचा रोख बाईच्या चालचलणुकीकडे वळे, आणि जे मंडप तासाभरापूर्वी समतेवर टाळ्या वाजवत होते ते या टोमण्यांवर शिट्ट्या मारीत. त्या गायिकांनी जी उत्तरे दिली ती अनेकदा मुकाबल्यातली सर्वांत धारदार उत्तरे होती. ती कुणी टिपून ठेवली नाहीत. हा हिशेब आपल्यातल्या अभ्यासक स्त्रियांनी मांडायला घेतला आहे आणि तो आपल्याला रुचेल असा निघणार नाही.

आता शब्दांकडे वळू. प्रल्हाद शिंदे यांच्या नावावरचा आक्षेप सरळ आहे. बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या तीनच घ्या. ब्रह्मा, विष्णू, महेश नाकारले. राम, कृष्ण नाकारले. गौरी, गणपती नाकारले. आणि आंबेडकरी समाजातला हा गायक विठ्ठल गातो, गणपती गातो, अंबाबाईचा उदो गातो आणि यावर कळस म्हणजे सत्यनारायणाची कथा गातो. सत्यशोधकांपासून ज्या पूजेविरुद्ध आपण बोलत आलो, त्या पूजेला घरोघरी पोहोचवणारा आवाज आपला असावा, याची चीड कार्यकर्त्याला येणारच. ती चीड खोटी नाही. कलावंताला विचारांचे बंधन नसते, कला सर्वांची असते, असली गुळगुळीत उत्तरे तिला देणे मला मान्य नाही. ती उत्तरे आपली नव्हेत.

पण ही सगळी गाणी एका मापाने मोजता येत नाहीत, आणि मोजू नयेत.

'पाऊले चालती पंढरीची वाट' हे त्यांचे बहुधा सर्वांत गाजलेले गाणे घ्या. शब्द दत्ता पाटील यांचे, चाल मधुकर पाठक यांची. म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही दुसऱ्यांची. हे गाणे आपण सर्वांनी इतके ऐकले आहे की त्यात काय म्हटले आहे ते ऐकणे आपण सोडून दिले आहे. त्यातला वाटसरू मोक्षासाठी निघालेला नाही. तो गरिबीने पिडलेला माणूस आहे. घरातल्या ताटात भाकरी उरलेली नाही. सोयरेधायरे, जे बऱ्या दिवसांत येत-जात होते, ते त्याला पाहून पाठ फिरवतात. तेव्हा तो चालू लागतो, आणि देवापुढे जाऊन तो काय मागतो, तर या दारिद्र्याचा शेवट व्हावा एवढेच. संतांच्या अभंगांत प्रपंचाचा वीट असतो. येथे प्रपंच चालत नाही म्हणून पाय चालू लागले आहेत. दोन्हींत फार मोठा फरक आहे.

हे शब्द एखाद्या मऊ, सुखवस्तू गळ्यातून आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहा. दारिद्र्य हा शब्द मराठी गीतांत पुष्कळदा येतो आणि बहुतेक वेळा तो साजासारखा येतो. प्रल्हाद शिंदे तो शब्द म्हणतात तेव्हा त्यावर कसलाही लाड नाही. कंप नाही, हुंदका नाही, थांबून सहानुभूती मागणे नाही. भाकरीच्या ताटाची ओळ ते जवळजवळ कोरडेपणाने म्हणतात, बाजारभाव सांगावा तशी. ऐकणाऱ्याला कळते की या माणसाला रिकामे ताट ठाऊक आहे. गीतकाराने गरीब भक्त लिहिला होता. गायकाने त्यातला गरीब ऐकवला. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर, येथे गायन ही संहितेची टीका झालेली आहे. असे मी म्हटले की काही मित्र हसतात आणि हे जास्त झाले असे म्हणतात. मी त्यांना एवढेच सुचवतो की हेच गाणे कुणी दुसऱ्याने म्हटलेले शोधून ऐका.

आणि पंढरपूर म्हटले की आपल्यापुढे चोखामेळा उभा राहतो. महाद्वाराच्या बाहेर त्याची समाधी आहे. तो जिवंतपणी जेथवर जाऊ शकला तेथेच मेल्यावरही राहिला. मंगळवेढ्याला वेठीचे काम करताना भिंत अंगावर पडून तो मेला हे आपण कथेसारखे सांगतो, पण तो कामावर मेलेला मजूर होता. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबाच्या देवाला त्यांनी काही अर्पण केले नाही. विठ्ठलाचे देऊळ आपल्याला उघडले ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तेव्हा प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांचे होते. म्हणजे ज्याचा आवाज आज त्या देवळाच्या आसपास दिवसभर कर्ण्यातून वाजतो, त्याच्या बालपणी त्याला त्या उंबऱ्याच्या आत मज्जाव होता. यातून कुणी समन्वयाची, वारकरी समतेची गोड गोष्ट रचील तर मी तिच्यात सामील होणार नाही. आवाज आत गेला म्हणून माणसे आत गेली असे होत नाही. मला यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. हे गाणे ऐकून डोळे पुसणाऱ्या लाखो सवर्ण माणसांना त्या गळ्याची जात ठाऊक नव्हती किंवा ठाऊक असून आठवायची नव्हती.

याचा एक अनुभव सांगतो. आमच्या वस्तीपलीकडे चांगल्या वस्तीतल्या एका घरी दर श्रावणात सत्यनारायण असे. पूजेच्या दिवशी सकाळपासून तेथे प्रल्हाद शिंदे यांची तबकडी लागे. आम्ही पोरे शिऱ्याच्या वासाने कुंपणापाशी जाऊन उभी राहत असू. प्रसाद आम्हाला मिळे, तो कुंपणावरून आणि वरून टाकलेला. पानावर, हातावर नव्हे. आमच्यातला एक धीट पोरगा एकदा त्या बाईंना म्हणाला, "काकू, त्यो गानारा आमच्यातला हाय." त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलतोस." त्या खोटे बोलत नव्हत्या. तो आवाज आमच्यातला असू शकतो हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हते.

म्हणून सत्यनारायणाच्या गाण्याविषयी माझा निवाडा वेगळा आहे. पंढरीच्या गाण्यात आवाजाने शब्दांवर मात केली. येथे तसे झालेले नाही. येथे कथा सांगायची आहे, आवाजाने ती चोख सांगितली आहे, आणि तो चोखपणाच आपल्या विरुद्ध गेला आहे. ते गाणे मी ऐकतो तेव्हा त्या गळ्याची ताकद मला जाणवते आणि ती कुणाच्या कामी आली हेही जाणवते. ते आपले नुकसान आहे. त्याला दुसरे नाव देऊ नये.

परंतु या नुकसानीचा जाब विचारायचा तर तो कुणाला? आपण तो गायकाला विचारतो, कारण तो आपल्या हाताशी आहे. गाण्याच्या धंद्याकडे थोडे पाहा. भीमगीतांचा बाजार वर्षातून दोनच हंगामांचा. एप्रिलमधली जयंती, आणि दसऱ्याच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून ६ डिसेंबरपर्यंतचे दिवस. उरलेले महिने पार्टीने काय खायचे? देवांचा बाजार बारमाही. श्रावण, गणपती, नवरात्र, आषाढी, कार्तिकी, शिवाय जत्रा-उरूस. ज्याच्या पार्टीत सहा-सात माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या मागे घर आहे, त्या गायकाला तबकडी काढणारी कंपनी म्हणते, विठ्ठल गा. तो गातो. गिरणीत विणलेल्या कापडाचे सोवळे होणार आहे म्हणून आपल्या बापांनी माग बंद ठेवला नव्हता. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. गाणे हे श्रम आहे एवढेच मला नोंदवायचे आहे, आणि जो समाज श्रमाचे राजकारण इतके जाणतो त्याने गायकाच्या श्रमाला तेवढे वगळू नये.

त्या श्रमाचे मोलही पाहा. रेकॉर्डिंगचे एकरकमी पैसे घेऊन मोकळे व्हायचे, ही या धंद्यातली जुनी रीत. तबकडी हजार खपली काय, लाख खपली काय. गीतकार, संगीतकार यांच्या मानधनाच्या हक्काला आणि गाणाऱ्यांच्या वाट्याला कायद्याने बळ मिळाले ते २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने. प्रल्हाद शिंदे त्याच्या आठ वर्षे आधी गेले. आज त्यांचे विठ्ठलगीत यूट्यूबवर किती वेळा ऐकले जाते त्याचा आकडा प्रत्येक मिनिटाला बदलतो. तो आकडा पाहताना मला एकरकमी पाकिटाची आठवण होते.

कॅसेट आली आणि चित्र काहीसे पालटले. ऐंशीच्या दशकात मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली, स्वस्त कॅसेटी एस.टी. स्टँडवर आल्या, भीमगीतांनाही बारमाही टपरी मिळाली. त्याच लाटेत आनंद शिंदे यांचा 'पोपट' घरोघरी गेला आणि शिंदे हे घराणे झाले. मिलिंद, दिनकर, पुढे नातू आदर्श. संगीतात घराणे हा शब्द आजवर कुणाकुणाला लावला गेला हे आठवले की मला हा शब्द येथे मुद्दाम वापरावासा वाटतो. 'पोपटा'वर नाक मुरडणारे पुष्कळ होते, त्यांत आपलेही होते. त्या गाण्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. पण बापाच्या गळ्यातला तो खडेपणा मुलाच्या गळ्यात ऐकू येतो, आणि बापाला जे जमले नाही ते मुलाने केले. त्याने बाजाराकडे देवाच्या आडोशाशिवाय पाहिले.

पुन्हा समीक्षेकडे येतो. दलित कवितेने मुक्तछंद स्वीकारला तो विचारपूर्वक. छंदाबरोबर येणारा गोडवा तिला नको होता. तो नकार योग्य होता आणि त्यातून मराठी कविता बदलली. परंतु त्यानंतर आपण नकळत एक उतरंड मांडली. मुक्तछंद तो विद्रोही, यमकी गाणे ते भाबडे. कागदावरचे ते साहित्य, मंडपातले ते प्रचार. भीमगीते लिहिणारे शाहीर दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर चार-आठ आण्यांच्या चोपड्यांतून आपली गाणी विकत राहिले. आपण त्या चोपड्या ओलांडून पुस्तकांच्या स्टॉलकडे जात राहिलो. त्या चोपड्यांतली सगळी गाणी चांगली होती असे नव्हे. पुष्कळ नुसती नावांची आरास होती, आणि ज्या बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध बजावले त्यांचीच आरती काहींनी लिहिली. ही वाईट गाणी कोणती आणि चांगली कोणती हे सांगणे समीक्षेचे काम होते. ते न करता आपण सगळ्यांना सारखीच पाठ दाखवली. प्रल्हाद शिंदे यांनी गायलेल्या भीमगीतांतही हा भेद करावा लागेल. जी गाणी आवेशाच्या भरात चढत जातात त्यांत त्यांचा आवाज मला तितकासा वेगळा वाटत नाही, तसे गाणारे इतरही होते. जेथे बाबासाहेब गेल्याचे दुःख सांगायचे असते तेथे तो आवाज खाली उतरतो, कोरसला थांबवतो, ओळीच्या शेवटी नेहमीची लांबण घेत नाही. चढ्या पट्टीच्या गायकाने आवाज खाली आणणे याला मोठी किंमत असते. आमच्या वस्तीत अशा गाण्याच्या वेळी बाया पदर तोंडाला लावत, आणि तो शोक ६ डिसेंबर १९५६ पासून कुठेतरी अडकून राहिलेला असे.

२००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. एकाने शब्द दिले, दुसऱ्याने आवाज. एकाला आपण लोककवी म्हटले आणि ते रास्तच केले. दुसऱ्याला काय म्हणावे ते आपले अजून ठरलेले नाही.

विद्यार्थी मित्रांना एक काम सुचवतो. आपापल्या जिल्ह्यातल्या जुन्या तबकड्या, कॅसेटींची वेष्टने आणि गाण्यांच्या चोपड्या गोळा करा. गीतकाराचे नाव कुठे आहे, कुठे गाळले आहे ते टिपा. कोणती गाणी जयंतीला निघाली आणि कोणती श्रावणात, ते पाहा. आणि वेष्टनावरचे 'आणि पार्टी' हे दोन शब्द ज्यांच्यासाठी छापलेले असत, त्यांची नावे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्या, कारण ती माणसे आता फार थोडी उरली आहेत. आमच्या वस्तीतले एक जण उमेदीत अशाच एका कव्वाली पार्टीत टाळी धरायला जात. महिना-महिना बाहेर असत. परत आले की आम्ही पोरे त्यांचे हात बघत असू. तळवे कातडीसारखे घट्ट झालेले होते आणि बोटे पूर्ण मिटत नसत. ते म्हणत, ढोलकीला चामडे बदलून मिळते. गाणे कुणाचेही असो, त्यांची टाळी त्याच जोराची असे, आणि कोणत्याही तबकडीत ती आजही स्वच्छ ऐकू येते.